काय भावाने घेतलाय?

२०२५ च्या २६ मे रोजी मुंबईत मान्सून दाखल झाला. नेहमीची तारीख ११ जून, म्हणजे पठ्ठ्या दोन आठवडे आधीच हजर. इतक्या लवकर तो मुंबईत आल्याची नोंद नाही, असं हवामान खात्याने सांगितलं. डोंबिवलीत आमच्या सोसायटीतली पोरं उघड्या अंगाने पावसात नाचत होती, समोरच्या बाल्कनीतल्या आजी हात बाहेर काढून पागोळ्या झेलत होत्या आणि मी खिडकीशी सुतकी चेहऱ्याने उभा होतो. बायकोने कांदाभजीची ताटली पुढे केली. मी भजी घेतली, पण हसलो नाही.

"कोण गेलं हो?" तिने घाबरून विचारलं.

"उन्हाळा," मी म्हणालो.

खुलासा करतो. माझ्याकडे पंखे बनवणाऱ्या एका कंपनीचे ३५ शेअर आहेत. ४१२ ला घेतलेले. त्या दिवशी भाव होता १९६.

मी मुळातला असा नव्हतो. उन्हाने कावणारा, झाडं लावा म्हणणारा, एप्रिलमध्ये माठाला ओलं फडकं गुंडाळणारा साधा माणूस होतो. आता मार्च लागला की रोज चंद्रपूरचा पारा बघतो. त्याने ४५ गाठले की मनाला गारवा मिळतो. अकोल्याच्या मावसभावाला मुद्दाम फोन करून "काय म्हणतोय उन्हाळा?" असं आपुलकीने विचारतो. तो म्हणतो, "जीव जातोय रे." मी म्हणतो, "मग एखादा नवा पंखा घे की." आमच्यातलं हे प्रेम पाहून तो भारावला आहे. त्याला भाव माहीत नाही.

माझ्या बाबतीत जे उन्हाळ्याचं झालं, तेच आमच्या अख्ख्या ग्रुपचं जगातल्या यच्चयावत विषयांबाबत झालं आहे. ग्रुपचं नाव 'फक्त शेअर, नो गुड मॉर्निंग'. स्थापना एप्रिल २०२०. त्याच्या आदल्या महिन्यात, २३ मार्चला, सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी पडला होता. मध्ये पाऊण तास बाजारच बंद ठेवावा लागला. ज्यांच्याकडे शेअर नव्हते, त्यांना त्या दिवशी फार गाढ झोप लागली. आणि महिनाभरात हेच झोपलेले लोक 'स्वस्तात मिळतायत' म्हणून डीमॅट खातं उघडायला धावले. तेव्हा देशात अशी खाती चारेक कोटी होती. २०२५ मध्ये ती वीस कोटींच्या पुढे गेली. त्या वाढीत आमच्या सोसायटीच्या ए आणि बी विंगचा वाटा आहे. सी विंग अजून एफडीत आहे आणि आमच्याकडे बघून लिफ्टमध्ये हसते.

मराठी घरात शेअर हा शब्द पूर्वी दबक्या आवाजात उच्चारला जाई. शेअर म्हणजे सट्टा, सट्टा म्हणजे कर्ज आणि कर्ज म्हणजे चाळीतली खोली विकणं, एवढं माझ्या वडिलांचं अर्थशास्त्र होतं. १९९२ मध्ये हर्षद मेहता प्रकरण बाहेर आलं तेव्हा वडिलांनी पेपर घडी करून टीपॉयवर ठेवला आणि आमच्याकडे असं पाहिलं, की जणू आम्हीच एसीसीचा शेअर आभाळाला भिडवला होता. त्यांचा मुलगा आज सकाळी सव्वानऊला अंघोळ टाकून फोन धरून बसतो, हे बघायला ते नाहीत, ही ईश्वरी कृपा.

खरं तर ग्रुप सव्वानऊच्या बराच आधी उठतो. पूर्वीची माणसं जाग आल्यावर आधी तळहात बघत. आमच्या ग्रुपमधले बँकवाले काका अजूनही तळहातच बघतात. फक्त त्यात फोन असतो. साडेसहाला गिफ्ट निफ्टी चालू होतो. त्यावरून आज चहात साखर किती घालायची ते ठरतं. काका अमेरिकेला कधी गेले नाहीत, जायची इच्छाही नाही, पण तिथला डाऊ रात्री घसरला असेल तर सकाळी त्यांना जिना उतरवत नाही.

काकांना हसणाऱ्यांना मी सांगतो, की ही मुंबईची जुनी खोड आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने जाऊ लागला. त्या पैशाने इथे शेअरचं असं वेड माजलं, की समुद्र हटवून जमीन काढू म्हणणाऱ्या कंपन्यांचे कागदही लोक डोळे मिटून घेत होते. १८६५ मध्ये तिकडचं युद्ध संपलं. तिकडे शांतता झाली आणि इकडे मुंबई बुडाली. बाजाराचे अनभिषिक्त राजे प्रेमचंद रायचंद त्यात धुऊन निघाले. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतला, त्यांच्या आईच्या नावाचा. त्याखालून मी वीस वर्षं ऑफिसला गेलो आणि एकदाही त्याच्याकडे धोक्याचा इशारा म्हणून पाहिलं नाही. तर सांगायचा मुद्दा, तिकडे शांतता झाली म्हणून इकडे रडायचं, याला १६० वर्षांची परंपरा आहे. काका ती फक्त चालवतात.

ग्रुपवर कुणी कुणाला गाव विचारत नाही, आडनाव विचारत नाही. एकच प्रश्न: काय भावाने घेतलाय? हा प्रश्न वरवर चौकशीचा वाटतो, पण ती नाडीपरीक्षा आहे. एकदा भाव कळला की त्या माणसाची राजकीय, सामाजिक आणि आंतरराष्ट्रीय मतं आपोआप कळतात. कच्चं तेल महागावं की स्वस्त व्हावं, रुपया चढावा की पडावा, रिझर्व्ह बँकेने व्याजदर कमी करावा की गप्प बसावं, साखरेच्या निर्यातीवर बंदी असावी की नसावी, यांतल्या कशावरही स्वतंत्र मत असलेला माणूस गेल्या पाच वर्षांत मला ग्रुपवर भेटलेला नाही. २०२५ च्या मे महिन्यात सीमेवर धुमश्चक्री चालू होती तेव्हा दारूगोळ्याच्या कंपनीत पैसे असलेला एक मेंबर रोज चढत्या आवाजात देशभक्तीवर लिहीत होता आणि विमान कंपनीत अडकलेला दुसरा मेंबर बुद्धाची चित्रं टाकत होता. १० तारखेला गोळीबार थांबला. सोमवारी १२ ला सेन्सेक्स जवळजवळ तीन हजारांनी उसळला. बुद्धवाल्याने त्या दुपारी दारूगोळा घेतला. मंगळवारपासून दोघेही देशभक्त.

पक्षांचीही तीच कथा. एरवी निवडणुकीच्या दिवसांत ग्रुप फुटायची वेळ येते. ॲडमिनने दोनदा 'राजकारण नको' असं लिहून तिसऱ्यांदा स्वतःच भांडण केलेलं आहे. पण २०२४ च्या ३ जूनला एक्झिट पोलच्या जोरावर सेन्सेक्स अडीच हजार चढला आणि ४ जूनला खरे आकडे येऊ लागल्यावर ४,३९० अंकांनी आपटला. त्या दुपारी ज्याचा पक्ष वाढला तोही रडत होता आणि ज्याचा घटला तोही. डोंबिवलीच्या इतिहासात इतकं सर्वपक्षीय ऐक्य त्यापूर्वी फक्त लोकलच्या गर्दीबाबत दिसलं होतं.

ग्रुपची भाषा नव्या माणसाला जरा जड जाते. आपला शेअर पडला तर 'करेक्शन', दुसऱ्याचा पडला तर 'कचरा होताच तो'. वाढला तर आपला अभ्यास, पडला तर ऑपरेटरने पाडला. हा ऑपरेटर कोण, कुठे बसतो, कुणीच पाहिलेला नाही. पण माझ्या ३५ शेअरवर त्याचा बारीक डोळा आहे, हे मला पटलेलं आहे, कारण मी घेतलेल्या दिवशीच त्याने सुरुवात केली. 'ॲव्हरेज करणं' म्हणजे पायात रुतलेल्या काट्याशेजारी दुसरा काटा टोचून दुखणं वाटून घेणं. आणि 'लाँग टर्म' म्हणजे गाजराची पुंगी: वाजली तर ट्रेडिंग, नाही तर मुलीच्या शिक्षणासाठी गुंतवणूक. एकाची मुलगी नोकरीला लागली तरी तिच्या शिक्षणाचे शेअर अजून खालीच आहेत. आता ते तिच्या मुलांसाठी आहेत म्हणतात. तिचं लग्न व्हायचंय.

आणखी एक गंमत. घेतल्याचं सगळे सांगतात, विकल्याचं कोणीच सांगत नाही. ग्रुपचं दप्तर तपासलं तर २०२० पासून आजतागायत आमच्यातल्या एकानेही एकही शेअर विकलेला नाही. समोरचा टार्गेट देतो, आपण घेतो, आपण घेतल्यावर तो अचानक मुलाच्या मुंजीच्या तयारीत गढून जातो. मुंजीचे फोटो येतात तेव्हा खर्च कशातून झाला ते ओळखावं.

सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त साध्यासुध्या लोकांपैकी ९३ टक्क्यांनी पैसे घालवले, एकूण १.८ लाख कोटींपेक्षा जास्त. मी ते ग्रुपवर टाकलं. क्षणात प्रतिक्रिया आल्या: 'लोकांना अक्कल नाही', 'अभ्यास न करता उतरतात', 'आपल्या मराठी माणसांनी यातून शिकावं'. पंचेचाळीस मेंबरांपैकी पंचेचाळीस जण उरलेल्या सात टक्क्यांत निघाले. आमच्या ए विंगचा वॉचमनही ऑप्शन खेळतो. एकदा मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "साहेब, ते ९३ टक्के सी विंगमध्ये असतील."

अभ्यास या शब्दावरून एप्रिल २०२१ आठवतो. ते दिवस वाईट होते. लोक ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रात्र रात्र फिरत होते, माझ्याही फोनमध्ये अजून तेव्हाचे तीन सप्लायर सेव्ह आहेत. त्याच दिवसांत 'बॉम्बे ऑक्सिजन इन्व्हेस्टमेंट्स' नावाच्या शेअरला रोज वरचं सर्किट लागत होतं. बघता बघता भाव चोवीस हजारांच्या वर गेला. ग्रुपवरच्या चार्टवाल्या पुतण्याने रेघा मारून दाखवल्या, बाण काढला, बाण आकाशात गेला. तेव्हा ग्रुपमधल्या एलआयसीतून निवृत्त झालेल्या मावशींनी, ज्या तीन महिन्यांतून एकदा बोलतात, विचारलं, "नावातला तिसरा शब्द वाचलात का?" कंपनीने गॅसचा धंदा ऑगस्ट २०१९ पासूनच बंद केला होता. ती आता फक्त शेअर आणि म्युच्युअल फंडांत पैसे गुंतवत होती. म्हणजे ऑक्सिजन सोडून तिच्याकडे सगळं होतं. आमच्यापैकी कुणी तो घेतला नाही, पण त्याचं श्रेय विवेकाला नाही; चोवीस हजारांचा एक शेअर परवडत नव्हता, इतकंच. तरीही त्या रात्री मी तो बाण दोनदा पाहिला होता, हे इथे कबूल करून टाकतो. फोनमध्ये ते तीन सप्लायरही होते आणि तो बाणही.

न परवडण्याचा असा फायदा नेहमीच होतो असं नाही. २९ ऑक्टोबर २०२४ ला एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचा शेअर ३ रुपये ५३ पैशांवरून एका दिवसात २,३६,२५० रुपयांवर गेला. यात जादू नव्हती. त्या कंपनीच्या पोटात एशियन पेंट्सच्या शेअरचं घबाड होतं. ज्यांच्याकडे ती होती, ते साडेतीन रुपयांना कशाला विकतील? वर्षानुवर्षं कुणी विकत नव्हतं, म्हणून भाव कागदावर तसाच गोठून राहिला होता. शेवटी खास लिलाव ठेवला आणि खरी किंमत बाहेर आली. पण ही समजूत घालायला गेलेल्या मावशींचं कुणी ऐकलं नाही. त्या संध्याकाळी ग्रुपवर अकरा जणांनी सांगितलं, की तो त्यांच्या वॉचलिस्टमध्ये होता. एकाने तर 'बायको नको म्हणाली म्हणून राहिलं' असं लिहिलं. वहिनी ग्रुपवर आहेत हे तो विसरला होता.

मध्यंतरी बँकवाल्या काकांना कुणीतरी परस्पर एका 'व्हीआयपी ग्रुप'मध्ये घातलं. तिथे रोज दुप्पट, रोज तिप्पट, सगळे मेंबर आनंदी. एक तरुणी रोज सकाळी 'प्रिय सर, जेवलात का?' असं विचारून एका ॲपमध्ये पैसे भरायला सांगे. काका वाचले ते बँकेतल्या अडतीस वर्षांच्या अनुभवामुळे नव्हे. "अहो, लग्नाला बेचाळीस वर्षं झाली," ते मला म्हणाले, "मला प्रिय कोणी म्हणत नाही. तेव्हाच शंका आली."

तर, माझे पंखे. ऑगस्टमध्ये कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा होती. पूर्वी या सभा मोठ्या सभागृहांत भरत. मरीन लाइन्सच्या बिर्ला मातुश्रीत काकांचं येणंजाणं होतं. त्यांनी कंपन्यांची प्रतवारी नाश्त्यावर बेतलेली होती. डब्यात बटाटावडा आणि बर्फी असेल तर कंपनी भक्कम, वेफर आणि पेस्ट्री असेल तर वाढती, आणि नुसता चहा-बिस्किट असेल तर दुसऱ्या दिवशी विकून मोकळं व्हायचं. ही पद्धत सर्वस्वी चुकीची होती असं मला म्हणवत नाही. त्यांचा पोर्टफोलिओ माझ्यापेक्षा बरा आहे. २०२० पासून सभा व्हिडिओवर होऊ लागल्या आणि काकांच्या मते छोट्या गुंतवणूकदाराचं खरं शोषण तिथून सुरू झालं.

सभेत बोलायचं तर आधी ईमेलने नाव नोंदवावं लागतं. मी नोंदवलं. ग्रुपने मला प्रतिनिधी म्हणून निवडलं असं समजून मावशींनी प्रश्न तयार करून दिला. प्रश्न जबरदस्त होता: वर्षभरात विक्री जेमतेम वाढली, पण वितरकांकडची येणी दीडपट झाली, मग पंखे लोकांच्या घरांत फिरतायत की डीलरच्या गोदामात खोक्यांत पडलेत? मी तो कागदावर शाईच्या पेनाने उतरवला. चेअरमनला घाम फुटेल, असं चार्टवाला पुतण्या म्हणाला.

माझा नंबर सतरावा होता. आधीचे सोळा ऐकण्यासारखे होते. पहिल्याने चेअरमनसाहेबांवर उर्दू शेर म्हटला. दुसऱ्याने लिंक वेळेवर पाठवल्याबद्दल कंपनी सेक्रेटरींचे तीन मिनिटं आभार मानले आणि त्याची वेळ संपली. एकाला कारखाना बघायचा होता, जेवणासह. एकाने अहवालाच्या मुखपृष्ठाची तारीफ केली. एक गृहस्थ पूर्ण वेळ हातवारे करून पोटतिडकीने बोलले. ते म्यूटवर होते. बहुधा तोट्याबद्दल तेच एकटे बोलले असावेत.

मग माझं नाव पुकारलं. मी म्यूट काढला, कागद उचलला.

"सर," सभा चालवणाऱ्या बाई इंग्रजीत म्हणाल्या, "मागून फार आवाज येतोय. पंखा आहे का? बंद कराल प्लीज?"

आमच्या हॉलमधला पंखा बावीस वर्षांचा आहे, दुसऱ्याच कंपनीचा, खडखड करतो पण फिरतो. मी उठून तो बंद केला. बाहेर पाऊस थांबला होता आणि ऑगस्टची ती डोंबिवलीची उकड सुरू झाली होती, जिच्यात शर्ट अंगाला पोस्टाच्या तिकिटासारखा चिकटतो. पडद्यावर सुटातले चेअरमन थंडगार बसले होते. कपाळावरचा एक थेंब ओघळून बरोबर 'येणी' या शब्दावर पडला आणि येणी पसरली. मी वर पाहिलं. चेअरमन माझ्याकडे बघून हसले. आजवर कुठल्याच कंपनीचा चेअरमन माझ्याकडे बघून हसलेला नव्हता.

"सर्वप्रथम," मी म्हणालो, "आपलं आणि संचालक मंडळाचं मनःपूर्वक अभिनंदन."

त्यानंतर मी सेक्रेटरींचे आभार मानले आणि अहवालाची छापील प्रत घरपोच मिळावी अशी विनंती केली. नोंद घेतली गेली. शेवटी चेअरमननी सगळ्यांना मिळून उत्तर दिलं, की यंदा उन्हाळा लवकर संपला.

ग्रुपवर चव्वेचाळीस जण वाट बघत होते. 'विचारलंत?' मी जे घडलं ते लिहिलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मावशींनी नुसता एक पूर्णविराम पाठवला.

मग काका टाइप करू लागले. ते एका बोटाने टाइप करतात, त्यामुळे वेळ लागतो.

'पंखा किती वेळ बंद होता?'

'चारेक मिनिटं.'

'घाम?'

'चिंब भिजलो काका. बनियन पिळावा लागला.'

'म्हणजे मागणी आहे,' काकांनी लिहिलं. 'होल्ड.'